बारीक होण्याचा माझा रामबाण उपाय

घोडनदीच्या पेठेत माझं कापडाचं दुकान. गादीवर बसलो की गिऱ्हाइकाला मागचं कपाट दिसायचं नाही, एवढं माझं पोट. घर गल्लीच्या टोकाला, तरी जायचं स्कूटरवर. वडिलांना साखरेचा आजार होता. पण तो म्हाताऱ्यांचा, आणि मी तर चाळिशीतला तरणाबांड!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका उन्हाळ्यात मी आपोआप बारीक व्हायला लागलो. खाणं असं वाढलेलं की भाकरी थापून थापून बायकोच्या बांगड्या झिजल्या, तरी पँट कमरेवर ठरेना. शेजारचा भुसार व्यापारी, माझ्याच मापाचा, सकाळीच येऊन बसला.

"शेठ, खरं सांगा. काय घेताय?"

काहीच घेत नव्हतो. पण कुणी विचारल्यावर गप्प बसायचं, ही आमच्या घराण्याची रीत नाही. मला जे होत होतं, तेच शास्त्र म्हणून सांगून टाकलं. "माठभर पाणी प्यायचं. घडीघडीला लघवीला जायचं. भूक लागली की मन मारायचं नाही. आणि दुपारी झापड आली की आडवं व्हायचं."

असलं पथ्य कुणाला नको? निम्मी पेठ शिष्य झाली. नगरपालिकेच्या मुतारीपुढं एवढी रांग, की पुण्याची यष्टी तिथनंच सुटते समजून परगावची माणसं मागं उभी राहायची.

बायको खुटबाव गावची, रोखठोक; तिला हे पटेना. "अहो, रात्रभर उठबस चाललीय, पायाला मुंग्या येत्यात. दवाखान्यात चला."

"अगं, गुरूच दवाखान्यात दिसला तर पेठ काय म्हणेल?"

महिनाभरानं व्यापारी आला. आधी पोट आलं, मागून तो.

"शेठ, तुमच्या पथ्यानं माझा सदरा उसवला की वो! तुम्ही वाळताय आन् आम्ही फुगतोय. ह्यो कसला उपाय?"

बायको डबा घेऊन तिथंच उभी होती. "मला बी त्येच कळंना, भाऊजी. औषध समद्यांना एक, आन् गुण ह्यांना एकट्यालाच?" मग माझ्याकडं वळली. "ह्यो उपाय न्हाई, ह्यो रोग हाय. उठा!"

शटर व्यापाऱ्यानंच ओढलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मला पाहिलं, पुन्हा रिपोर्ट पाहिला. "कसे आलात?"

"स्कूटरवर."

"तसं नव्हे हो. शुद्धीवर कसे आहात?"

माझ्या रक्तावर साखर कारखान्याचे दोन हंगाम सहज निघाले असते. आणखी अंगावर काढलं असतं तर डोळे तरी गेले असते, नाहीतर पाय, असं ते म्हणाले. सोबत आलेल्या व्यापाऱ्याचं हसू मावळलं. "माझं बी बघा. आई ह्याच्यातच गेली."

त्यालाही निघाली.

"पन माझं तर काहीच दुखत न्हाई!"

"दुखत नाही, म्हणूनच माणूस तपासत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पेठेत सगळ्यांना खरं सांगितलं. थोडं मीठमसाला लावूनच. पण ती आख्खी रांग रक्त तपासायला गेली.

गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली. काही दिवसांनी एका रात्री मी उठलोच नाही, ढाराढूर झोपलो. पहाटे जाग आली तर बायको माझ्या नाकाखाली बोट धरून बसलेली.

"श्वास चाललाय," ती म्हणाली. "मग उठा. भाऊजी खाली थांबलेत, नदीच्या पुलापर्यंत चालत जायचंय."