माल्टा, अक्कलकुवा आणि बिबड्यांची खाट

सुरतेहून आलेली गाडी नंदुरबारला थांबली आणि गोविंदकाका डब्याच्या दारातच उभे राहिले. उतरेनात. मागची माणसं ओरडायला लागली.

"अहो काका, उतरा की! आफ्रिकेहून इथवर आलात आणि शेवटच्या पायरीला अडलात?" मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्यांनी पाय खाली टाकला. मग रुमालाने डोळे पुसले आणि चैत्राचं ऊन डोळ्यांना लागतं, असं वर मलाच ऐकवलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आम्ही मूळचे तापीकाठचे गुजर, कापूस आणि केळी पिकवणारे. वडील नोकरीपायी नाशिकला आले आणि काका मिसरूड फुटायच्या वयात बोटीत बसून मोम्बासाला गेले. तिथे त्यांचं कापडाचं दुकान झालं, मोठं झालं. मूलबाळ मात्र नाही. काकू वारल्या, केनिया स्वतंत्र झाला आणि काकांनी दुकान विकून टाकलं. आता उरलेले दिवस कुठे काढायचे, एवढाच प्रश्न होता.

आणि गंमत अशी, की त्यांना बोलावणारे काही कमी नव्हते. केनियाचं नवं सरकार म्हणत होतं, आमचे नागरिक व्हा. पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून इंग्लंडचं दार उघडं. त्यात त्यांचा शेजारी, एक निवृत्त गोरा साहेब, भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर जाऊन राहिला होता. ते बेट म्हणे पैसेवाल्या म्हाताऱ्यांना मुद्दाम बोलावतं, कर अगदी नावाला घेतं. साहेबाने काकांना तिथलं एक गुळगुळीत चित्रांचं पुस्तक दिलं होतं. निळा समुद्र, पांढरी घरं, आरामखुर्चीत बसलेली गोरी जोडपी. काका गाडीत ते सारखं उघडून बघत आणि माझा जीव खालीवर होत होता. कारण मला ते इथे हवे होते. वडील गेल्यापासून मला "अगं पोरी" म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि महिनाअखेरीला त्याची मुंबईहून परतीची बोट होती.

स्टेशनबाहेर आलो तर दोन जीपगाड्या. एक अक्कलकुव्याच्या लाकडाच्या ठेकेदारांनी पाठवलेली, दुसरी खापरच्या तेलगिरणीवाल्या शेठजींनी. दोघेही आमचे लांबचे नातलग, आणि पैसेवाले काका आपल्याच गावी राहावेत म्हणून दोघांची चढाओढ. दोन्ही ड्रायव्हर काकांच्या ट्रंकेची एकेक कडी धरून उभे. आमच्या तापीकाठच्या गावाहून मात्र कोणीही आलेलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी अक्कलकुव्याच्या जीपचे ड्रायव्हर करीमभाई जिंकले, कारण त्यांनी ट्रंक सोडून सरळ काकांचा हात धरला. वाटेत तळोदा मागे पडलं, पुढे सातपुडा दिसायला लागला. रस्त्याकडेला बायका मोहाची फुलं वेचत होत्या.

"साहब, होली पे आना था," करीमभाई हळहळले. "काठी गाँव ले जाता आपको. पूरी रात ढोल!"

"पुढल्या होळीला," काका म्हणाले. मी लगेच कान टवकारले, पण त्यांनी पुन्हा माल्टाचं पुस्तक उघडलं.

अक्कलकुव्याला कमानीखालून नेलं, हार घातले. ठेकेदारांनी हमरस्त्यालगतची जागा दाखवली. इथे गोविंदशेठचा बंगला, तिथे त्यांच्या नावाचं सभागृह. काका परदेशातले, त्यांची गैरसोय नको, म्हणून त्यांनी सुरतेहून खुर्चीचा संडास आणवला होता. तो बसवला होता, पण त्याला पाणी कुठून आणायचं हे ठरायचं होतं. काकांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि लोटा उचलून शेताची वाट धरली. मागे चार माणसं धावली. "शेठ, लोटा आमच्याकडे द्या!" अरे, निदान तिथे तरी एकटं जाऊ द्या माणसाला!

खापरला तर त्याहून वरताण. तिथे खापरावरची पुरणपोळी (उपड्या मातीच्या भांड्यावर भाजलेली, हातभर रुंद) खाल्ली आणि मी सगळी चिडचिड विसरले. जेवण झाल्यावर काका सवयीने ताट उचलून मोरीकडे निघाले. मोम्बासाला काकू गेल्यावर ते आपलं ताट आपणच धूत. शेठजींनी ते हातातून अक्षरशः हिसकावलं. "तुम्ही फक्त बसायचं! वारा घाला रे!"

दुपारी काका पलंगावर पाय सोडून बसले होते. पुस्तक मांडीवर उघडं. ते म्हणाले, "पोरी, माणसं गोड आहेत गं. पण सगळे मला बस म्हणतात. माल्टावालेही खुर्चीच दाखवतात. बसूनच राहायचं, तर मग कुठेही बसलं तरी काय?"

मला वाटलं, गेले. हातचे गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या गावी निघालो, निव्वळ पाया पडून येऊ म्हणून. एस.टी.ने फाट्यावर सोडलं, पुढे एका ओळखीच्या बैलगाडीत बसलो. केळीच्या बागांमधून जाताना गारवा लागला आणि काका एकदम ताठ बसले. घर आलं. घरात त्यांच्या चुलतभावाची विधवा, जमनाभाभी, सुनेबरोबर राहत. आमच्या घरची बोली वेगळी, पण साऱ्या गावाशी बोलून बोलून भाभींची जीभ अहिराणीवरच वळलेली. अंगणात खाटा मांडलेल्या, त्यांवर ओली धोतरं अंथरलेली, आणि भाभी ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे बिबडे (पापडासारखे, लसूण-तीळ घातलेले) थापत होत्या. कोपरापर्यंत हात भरलेले.

त्यांनी मान वर केली. काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "ऊना का भाऊ? कितला वाळी गया तू! पानी पी, आन् हाई काठी धर. मन्हा हात भरेल शेतस, कावळा बिबडा लई जातस." (आलास का भाऊ? किती वाळलास! पाणी पी आणि ही काठी धर. माझे हात भरलेत, कावळे बिबडे नेतात.)

ना हार, ना कमान. मी संतापले. "अहो भाभी, ते प्रवासातून..." पण काकांनी कोट काढून खुंटीला अडकवला होता. काठी घेऊन ते निंबाखाली उकिडवे बसले सुद्धा. एक खाट डुगडुगत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माल्टाचं पुस्तक दुमडलं आणि तिच्या आखूड पायाखाली सारलं.

मी आत भाभींच्या सुनेशी गप्पा मारत बसले होते. बाहेर एकदम आरडाओरडा. धावत गेले. काका निंबाला टेकून गाढ झोपलेले, काठी बाजूला, आणि खाटेवर कावळ्यांची पंगत बसलेली. भाभी पिठाळ हातांनी त्यांना गदागदा हलवत होत्या.

"ऊठ रे! ऊठ! आख्खी खाट कावळासनी खाई टाकी! आफ्रिकामा काय झोपाच काढ्यात का?"

काका दचकून उठले. चेहरा शाळेतल्या मुलासारखा. "मन्ह चुकनं, भाभी," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी ती बोली तोंडातून आपोआप आली, आणि मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. काकू गेल्यावर त्यांच्यावर कोणी ओरडलंच नव्हतं हो! भाभींनाही उमगलं असावं. त्यांनी पदराच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले, गालाला पीठ लावलं आणि दुसरी खाट उन्हात ओढायला सांगितली.

चार दिवसांनी, निघायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक भरायला घेतली, तर ती रिकामी. कपडे दांडीवर वाळत होते.

"पोरी, तू हो पुढे," काका म्हणाले. "उद्या कुरडया आहेत. भाभी दोन्ही खाटा माझ्यावर सोडणार आहे."

"आणि बोट?"

"बोट काय, जाईल तिची ती."

भाभींनी बिबड्यांची पुरचुंडी दिली. नाशिकला येऊन निखाऱ्यावर भाजायला काढले, तर कित्येकांना चोचींची भोकं होती. तेवढे मी बाजूला ठेवलेत, उगीचच.

पण त्याआधी, परतताना नंदुरबार स्टेशनावर करीमभाई जीप घेऊन उभे होते. ठेकेदारांनी पुन्हा पाठवलं होतं, बंगल्याचा नकाशा देऊन. त्यांनी माझ्या मागेपुढे पाहिलं.

"साहब नहीं आए?"

"नाही करीमभाई," मी म्हटलं, आणि हसू काही आवरेना. "त्यांना सुट्टी मिळाली नाही."