रद्द केलेले पेढे

ढमढेरेकाकूंची आणि माझी ओळख "बाद!" या शब्दाने झाली. वारज्याच्या सोसायटीत मी नवा होतो, शेजारधर्म म्हणून त्यांना चहाला बोलावलं. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "बाद. उकळलेला नाही, नुसता तापवलाय." खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची उभी हयात तपासणी खात्यात गेली होती. सुताएवढा फरक निघाला की माल बाद. निवृत्तीनंतर मालाच्या जागी भाजीवाला, जावई आणि मी, या क्रमाने रुजू झालो.

मी मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. तेव्हाचा आमचा खेळ असा: स्कूटरवर श्रीखंडाचं पातेलं ठेवायचं आणि गल्लीबोळांतून, खड्डे चुकवत, ते न सांडता लग्नघरी पोचवायचं. खेळ मी रचला होता आणि तो अवघड असल्याचा मला अभिमान होता. माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या साहेबांना नव्हता. "ऑडियन्स वाढवायचाय यार. एखादी काकू पकड. तिला जमलं की जगाला जमलं."

मी काकू पकडली.

पहिल्याच खड्ड्यात श्रीखंड सांडलं. "बाद!" पुढचे दोन आठवडे भिंतीपलीकडून मला तेवढंच ऐकू येत होतं. चौथ्या टप्प्यातला उतार त्यांना सुटेना. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय खेळवाले, ब्रेक वळायच्या आधी मारायचा की वळताना?" मला माहीत नव्हतं. तो उतार मी रचला होता, उतरलो कधीच नव्हतो.

"काकू, सोडा ना आता."

"का? माल बाद झाला म्हणून कोणी कारखान्याला कुलूप लावतं का?"

मला त्यांची दया आली. माझ्या बहुतेक चुकांची सुरुवात दयेनेच होते. साहेबांना हवी असलेली सोपी आवृत्ती मी करायला घेतली. आधी सगळे खड्डे बुजवले. हे पुण्यात फक्त मलाच जमलंय. मग रिक्षा हटवल्या, पातेल्यावर झाकण बसवलं, शेवटी स्कूटर पडणंच बंद केलं. आणि "जरा अपडेट करून देतो" म्हणत ती आवृत्ती गुपचूप काकूंच्या मोबाइलवर टाकली.

सोमवारी सकाळी काकू दारात. हातात पेढे. "उतरले!" एवढंच म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सगळ्या सोसायटीत पेढे वाटले. मीही निर्लज्जपणे दोन खाल्ले.

बुधवारी दाराची बेल तुटायचीच बाकी होती. झालं होतं असं, की खेळताना काकूंचं दूध उतू गेलं. मोबाइल ओट्यावर टाकून त्या गॅसकडे धावल्या. परत येऊन बघतात तर श्रीखंड लग्नघरी पोचलेलं, वर सनई वाजतेय.

"स्कूटर कोण चालवत होतं?"

"काकू, ते जरा सोपं केलं..."

"धाकटी भावंडं रडायला लागली की आम्ही त्यांना लिंबूटिंबू म्हणून खेळायला घ्यायचो. आउट झाली तरी आउट नाहीत. अहो, सत्तराव्या वर्षी मला लिंबूटिंबू केलंत?"

"पण काकू, तुम्ही जिंकलात ना?" माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत मूर्ख वाक्य, आणि स्पर्धा मोठी आहे.

"मी? मी दूध पुसत होते."

संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत सूचना लागली: 'सोमवारी वाटलेले पेढे रद्द समजावेत. ते चुकीच्या माहितीवर वाटले गेले. – ढमढेरे.' मी मुकाट्याने जुना खेळ त्यांच्या मोबाइलवर परत घातला. माझ्याशी महिनाभर अबोला होता. भिंतीपलीकडून "बाद!" मात्र त्याच रात्रीपासून सुरू झालं.

सोपा खेळ बाजारात आला. त्यात सगळेच जिंकतात. पेढे कुणी वाटल्याचं ऐकिवात नाही. मला बढती मिळाली.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि काकू मुलीकडे, पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला मांजरीला राहायला निघाल्या. जावई टॅक्सीत सामान चढवत होता, "दोरी ढिली आहे, बाद" वगैरे ऐकून घेत होता. काकू निघता निघता फळ्यापाशी थांबल्या; त्यांची सूचना अजून तिथेच होती. मला वाटलं, सूचना काढून नेतायत.

टॅक्सी गेल्यावर मी जाऊन पाहिलं. 'रद्द'वर काट होती. वर लिहिलं होतं, 'मंजूर'. आणि खाली, बहुधा माझ्यासाठी: 'ब्रेक वळायच्या आधी मारायचा.'