बिल नंबर पाचशे एकपासून

पांढुर्ण्यात फवारणी पंपांचं दुकान टाकलं तेव्हा माझ्या डोक्यात धंद्यापेक्षा बी.कॉम. जास्त होतं. माल यायच्या आधीच मी बिलांना नंबर कसे द्यायचे याची योजना आखली. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याच्या बिलावर पाच आकडी नंबर असायचा, आणि तो पाहून मला उगाच दबल्यासारखं व्हायचं. एक नंबरचं बिल घेऊन कोणी गावात फिरलं तर दुकान कालचं आहे हे जगजाहीर होणार. म्हणून मी पाचशे एकपासून सुरुवात केली. नंबर छापायला नागपूरहून एक मशीनही आणलं. दांडा दाबला की कागदावर नंबर उमटायचा आणि पुढचा आपोआप लागायचा. गिऱ्हाईक मात्र आपोआप येत नव्हतं.

त्याच सुमारास मी सौंसरला मुलगी पाहून आलो. धंद्याबद्दल मी इतकं लांबलचक बोललो की तिनं मान खाली घालून हसू दाबलं, आणि माझी विकेट तिथेच पडली. लग्न करीन तर हिच्याशीच, असं परतीच्या बसमध्ये ठरवून टाकलं. तिच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. आधी दुकान पाहतो, मग बोलू, एवढंच ते म्हणाले होते.

ते येणार कळल्यावर माझे धाबे दणाणले. मशीन जेमतेम पाचशे चाळीसवर पोचलं होतं. मग रद्दीतला एक पेपर पुढ्यात घेऊन मी दुपारभर त्यावर दांडा दाबत बसलो. नंबर नऊशेच्या पुढे गेला तेव्हा मनगट दुखत होतं, पण धंदा जोरात असल्यासारखं वाटत होतं.

ते आले, त्यांनी दुकानभर नजर फिरवली. पंपाचा एक वायसर मागितला. मी ऐटीत बिल फाडलं, नंबर त्यांना नीट दिसेल असं पुढे केलं आणि हाताला लागलेल्या कागदात वायसर गुंडाळून दिला. बिल पाहून त्यांनी मान हलवली. मी मनात मांडवही घातला.

आठवड्यानं ते पुन्हा आले. खिशातून पुडीचा कागद काढून त्यांनी काउंटरवर पसरला. बातम्यांवर ओळीनं माझे नंबर छापलेले होते.

"तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हा पेपरच दिसून राहिला मले," ते म्हणाले.

मुलगी हातची गेली, हे मी धरूनच चाललो. आता थाप मारायला जागाच नव्हती, म्हणून खरं सांगून टाकलं, की दिवसाला दोन-तीन बिलं होतात, कधी एकही होत नाही.

त्यांनी मशीन हातात घेऊन, यातले आकडे मागे फिरवता येतात का, असं विचारलं. मी येतात म्हणालो, आणि ते पुढेही हातानंच फिरवता आले असते हे मला तेव्हा कुठे सुचलं.

"मंग एकावर आणा. एक पंप द्या मले, अन् पहिलं बिल माह्या नावानं फाडा, जावईबापू."

तो शेवटचा शब्द ऐकून मी असा गडबडलो की दांडा दोनदा दाबला गेला. आमच्या दुकानाच्या पहिल्या खऱ्या बिलावर एक आणि दोन असे दोन्ही नंबर आहेत. ते बिल त्यांनी सौंसरला नेऊन घरी दाखवलं. त्या वेळी आपण हसू मुळीच दाबलं नाही, असं बायको अजून सांगते.