दारावरचा गोल

खडूने गोल काढायची आयडिया माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगायला गेलं की मी ‘आमच्या टीमने ठरवलं’ असं म्हणायला लागते.

मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजमध्ये आमचा ग्लोबल हेल्थ ग्रुप होता आणि परदेशातल्या मेडिकलच्या मुलांबरोबर आम्हाला एक प्रोजेक्ट मिळाला. पुण्याजवळ मांजरी गावातल्या एका वस्तीत घरोघरी जायचं, टीबीच्या गोळ्या कोण घेतंय, वेळेवर घेतंय का, हे दर शनिवारी विचारायचं आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्या मुलांना सांगायचं. मी इतकी खूश होते की बास! कॉलवर सगळ्यात जास्त मीच बोलायचे.

अडचण एकच होती. उसाच्या शेताला लागून भाड्याच्या खोल्यांची रांग, सगळ्यांना सारखेच पत्रे, सारखीच निळी दारं, नंबर कशालाच नाही. आमची घरं चुकायची. एका आजोबांना एकाच दिवशी तिघांनी विचारलं, खोकला आहे का? ते म्हणाले, “सकाळी नव्हता. आता विचारून विचारून लागेल.”

मी खडकीची. बाबा फॅक्टरीत, आम्ही क्वार्टर्समध्ये. लहानपणी पोलिओचा डोस द्यायला बायका यायच्या आणि जाताना दाराशी खडूने खूण करून जायच्या. मला ती खूण इतकी आवडायची की आईला मी ती पुसूच द्यायचे नाही. तर मी कॉलवर म्हटलं, खडू! घरात कुणी आजारी नसेल तर बरोबरची खूण, गोळ्या चालू असतील तर गोल. पलीकडच्या मुलांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, “ब्रिलियंट!” मी दोन दिवस हवेत.

क्वार्टर्समध्ये सगळ्यांच्या दारावर सारखीच खूण असायची, आणि खूण बघून कुणी आम्हाला घराबाहेर काढणार नव्हतं. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

रांगेत अकरा खोल्या. दहांवर बरोबर, एकीवर गोल.

गोलवाल्या खोलीतली बाई वाशीमकडची. नवरा बांधकामावर, मुलगी बालवाडीत, ती स्वतः एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी चार महिन्यांच्या झाल्या होत्या. दोनच महिने राहिले होते, आणि तिच्यापासून आता कुणाला लागण होण्याची भीती जवळजवळ नव्हती. हे मला पाठ होतं, परीक्षेत पाच मार्कांना येतं. खडू घेऊन गेले त्या पहिल्याच दिवशी तिने दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, मालकिणीला नका सांगू. मेसमध्येबी नाही माहीत.”

“प्रॉमिस,” मी म्हटलं. मग बाहेर आले आणि तिच्या दारावर गोल काढला. नीट, मोठा, लांबून दिसेल असा.

तिसऱ्या शनिवारी मालकिणीने मला हाक मारली. “ओ पोरी, हिकडं ये. समद्यांना बरोबर आन् हिलाच गोल. काय हाय गं ते?”

मला खरंच वाटलं, मी फार जबाबदारीने उत्तर देतेय. “काकू, ते कॉन्फिडेन्शियल आहे. सांगता येत नाही.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या दाराकडे. “बरं,” म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी त्या खोलीला कुलूप होतं. गोल तसाच. शेजारणीने सांगितलं, मंगळवारी खोली रिकामी करायला लावली, मेसवाल्यांनाही कुणीतरी कळवलं, काम गेलं. मी तिथेच उभी राहून तिला फोन लावला. तिने उचलला. मी भराभरा सॉरी म्हणत सुटले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझं नाव अजून कुठं कुठं लिहिलं असंल, तेवढं पुसा.” मग फोन बंद. नंतर कधी लागलाच नाही.

वस्तीतल्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या घरोघरी फिरणाऱ्या बाई, मागे येऊन उभ्या होत्या. “चार महिने मी तिच्या गोळ्या भाजीच्या पिशवीतून नेल्या, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “मेथीच्या जुडीखाली. तुम्ही दारावरच काढून ठेवलंत.”

मी रुमाल ओला करून अकराही दारं पुसली. ताई बघत होत्या. मदत केली नाही.

आमच्या शीटमध्ये तिच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ असं आलं. शेवटच्या कॉलवरच्या प्रेझेंटेशनमध्ये खडूच्या खुणेचा फोटो होता, वेगळी स्लाइड. सगळ्यांना आवडली. मला सर्टिफिकेट मिळालं, त्यावर ‘उद्याचे आरोग्य नेते’ असं छापलेलं. त्या कॉलवर मी पहिल्यांदाच काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

नऊ आठवड्यांनी ताईंनीच तिला शोधून काढलं, वारज्याला, बहिणीकडे. नव्या दवाखान्यात नाव घालायचं म्हणजे आजार सांगणं आलं, म्हणून तिने गोळ्याच सोडल्या होत्या. खोकला परत आला होता. तपासणीत टीबी परत निघाला. आता सगळं पहिल्यापासून, आणि मुलीचीही तपासणी.

“मी नेऊन देते गोळ्या,” मी ताईंना म्हटलं. “ॲप्रन न घालता. पिशवीतून.”

“नको. तुम्ही आलात की लोक दारात येतात बघायला.” मग निघता निघता, “तिचे कागद इकडच्या दवाखान्यातून तिकडच्यात द्यायचेत. लाइन लई मोठी असते. उभ्या राहताय?”

राहिले. साडेतीन तास. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता मोठ्याने विचारलं, “काय आजार?” माझ्यामागे वीसेक माणसं होती. मी कागद घडी घालून आत सरकवला. “आपण वाचा ना,” म्हटलं.

“का? तुम्हाला तोंड नाही?”

“नाही,” मी म्हटलं.

ती बरी झाली का, पोरीचं काय निघालं, मला माहीत नाही. आता मी इंटर्न आहे, ताई अधूनमधून भेटतात, आणि भेटल्या की मी विचारतेच. त्या पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि म्हणतात, “ते कॉन्फिडेन्शियल आहे.”