परत आलेला तवा

वडिलांकडे प्रत्येक प्रसंगाला एक लॅटिन वचन तयार असे. कॉलेजात एका पाद्री प्राध्यापकांनी ती शिकवली होती. बुऱ्हाणपूरच्या सरकारी शाळेत इंग्रजीच्या तासाला ते ती वापरायचेच, पण घरी दूध नासलं तरी आम्हाला ऐकवायचे. 'आलेआ याक्ता एस्ट', म्हणजे फासे पडले, आता मागे फिरणं नाही, हे त्यांचं विशेष लाडकं. आई म्हणायची, "दूध नासलं, एवढं मराठीतही सांगता येतं."

राज्यांची फेररचना झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला येणार, हे ठरलं होतं. कुठं जायचं ते सरकारनं शिक्षकांना विचारलं, तेव्हा वडिलांनी नागपूर लिहून दिलं ते केवळ आईसाठी. तिची आई तिथं अंथरुणाला खिळली होती आणि तीन वर्षांत दोघींची भेट नव्हती. वडील अर्ज टाकून आले ते फासे पडल्याचं सांगतच. आईनं तर बाजारात तुरी असतानाच तुळस, पाटा-वरवंटा आणि तवासुद्धा आमच्या शनवारा मोहल्ल्यातल्या शेजारणींना वाटून टाकला.

हुकूम आला तो बुऱ्हाणपुरातच राहण्याचा.

"भाग्य आंधळं असतं," वडील आधी लॅटिनमध्ये आणि मग मराठीत म्हणाले.

"आंधळं कसलं? आपलं घर बरोबर सापडतं त्याला," आई म्हणाली. मग धुणं घेऊन ती राजघाटावर गेली आणि डोळे सुजवून आली. मला वडिलांचा फार राग आला, जणू हुकूम त्यांनीच काढला होता.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू तवा घेऊन दारात आल्या. "घ्या वहिनी, आम्ही तर चुल्ह्यावर चढवलाच नाही. तुमची चीज तुमच्याच घरी बरी."

आईनं हात पुढे केला नाही. वडिलांनी उठून तवा घेतला.

"हा मला लागेल," ते आईला म्हणाले. "तू उद्याच्या गाडीनं नीघ. आईजवळ हवं तितकं राहा. पोरांचं मी बघतो."

या माणसानं तोवर चहासुद्धा केला नव्हता. पहिल्या दिवशी, धाडस करणाऱ्याला भाग्य साथ देतं, असं लॅटिनमध्ये म्हणून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. तिचे तीन तुकडे झाले. आम्ही भावंडंही तिघंच होतो, त्यामुळे भांडण झालं नाही.

दोन महिन्यांनी आई परतली. आजीनं तिच्या मांडीवर डोळे मिटले होते. वडिलांच्या बोटांवरचे चटके बघून तिनं त्यांचा हात हातात घेतला, आम्हा मुलांदेखत, पहिल्यांदाच.

"आता म्हणा की तुमचं काहीतरी," ती म्हणाली.

वडिलांना एकही वचन आठवलं नाही.