रेफ्रीच्या जागेवरून

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने फुटबॉलचा रेफ्री व्हावं, याहून मोठी चूक नाही. वीस वर्षं तो शिट्टी वाजवत होता आणि वीस वर्षं लोक एकच विनोद फेकत होते, “अरे, आधी स्वतःच्या नाकावर घाल एक!” गुडघे कुरकुरायला लागल्यावर संघटनेने त्याला निरीक्षक केलं. सामना बघायचा, रेफ्रीच्या निर्णयांना गुण द्यायचे. नाव पडलं ते मात्र चष्मेदादा.

त्याची एक रीत होती. सामन्यात गुणांच्या फॉर्मवर फक्त पेन्सिलने लिहायचं आणि रेफ्री कुठे उभा होता तिथे फॉर्मवरच्या मैदानाच्या नकाशात फुली मारायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात जाऊन त्या फुलीवर उभं राहायचं, तिथून काय दिसतं ते बघायचं आणि मगच पेन उचलायचं. गॅलरीत बसून, चहा पीत, कुणालाही सगळं दिसतं. त्यात कसलं आलंय कौतुक?

अंतिम सामन्यात मात्र त्याने स्वतःचीच रीत मोडली. हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. खरं तर तो सामना त्याला द्यायलाच नको होता, पण दुसरा निरीक्षक तापाने फणफणला होता. शेवटच्या मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत चेंडू बचावपटूच्या हाताला लागला. गॅलरीतल्या शेंबड्या पोरालाही ते दिसलं. रेफ्री बाईंनी पेनल्टी दिली नाही आणि सामना संपला. भाऊ खाली मैदानात डोकं धरून बसला. ते बघून चष्मेदादाचं डोकं फिरलं. नकाशात फुली तेवढी मारून त्याने तिथेच खिशातलं पेन काढलं आणि फॉर्मवर ठणकावून लिहिलं, ‘गंभीर चूक.’

तसा शेरा पडला की रेफ्रीचं नाव वरच्या श्रेणीच्या यादीतून जातं. शाळेत खेळ शिकवून, सुट्टीच्या दिवशी धावून, त्या बाईंनी बारा वर्षांत ते नाव तिथवर नेलं होतं.

रात्रभर त्याला स्वतःचंच अक्षर दिसत राहिलं. सकाळी तो मैदानावर पोचला, तर भाऊ आधीच येऊन गोलपाशी उभा.

“दादा, हात लागला होता की नाही, एवढंच सांग.”

“लागला होता. आता इथे ये, बाई उभ्या होत्या त्या फुलीवर उभा राहा.”

गवत कापणाऱ्या माळ्याला त्याने बचावपटू केलं, हात पोटाशी धरायला लावले. स्वतः मधे पाठ करून उभा राहिला, भावाच्या संघाचा आघाडीचा धिप्पाड खेळाडू उभा होता तसा. ओरडून विचारलं, “माळीबुवांचे हात दिसतात?”

भाऊ वाकला, मान तिरकी केली. “नाही.”

“मग जागा चुकली का तिची? कुठे उभी राहायला हवी होती?”

भावाने डावीकडे चार पावलं टाकून पाहिलं, उजवीकडे टाकून पाहिलं आणि पुन्हा फुलीवर आला. “इथेच,” तो म्हणाला आणि निघून गेला.

चष्मेदादाने ‘गंभीर चूक’वर सरळ रेघ मारली, बाजूला सही केली आणि खाली लिहिलं, ‘निर्णय चुकला. जागा बरोबर. जे दिसलं नाही, ते दिलं नाही. पूर्ण गुण.’

संघटनेच्या अध्यक्षांना असा अहवाल नकोच होता. बाहेर लोक पेटलेले. कुणाचा तरी बळी दिला की सगळं शांत होणार होतं.

“ही खाडाखोड काय आहे?” त्यांनी कागद नाचवला. “तुम्हीच आधी गंभीर चूक लिहिलीय.”

“ती चूक माझी आहे. म्हणून कागद बदलला नाही, रेघ मारली. दिसू दे सगळ्यांना.”

“तुमच्या भावानेच बाईंविरुद्ध तक्रार केलीय आमच्याकडे!”

“मग बोलवा त्याला.”

भाऊ आला. मोठ्या भावाकडे त्याने बघितलंही नाही. “हात लागला होता,” तो म्हणाला. “पेनल्टी आमची होती, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण त्या जागेवरून दिसत नव्हता. मी स्वतः उभा राहिलोय. बाईंवरची तक्रार मागे घेतो.”

रेफ्री बाईंचं नाव यादीत राहिलं. निरीक्षकांच्या यादीतून चष्मेदादाचं नाव गेलं. त्याने पत्र पाठवून कारण लेखी मागितलं. दर महिन्याला मागतो. उत्तर अजून आलेलं नाही, आणि तोही काही थांबणाऱ्यातला नाही.

पुढच्या हंगामात तो तिकीट काढून गॅलरीत बसला. खाली शिट्टी त्याच बाईंच्या हातात होती. एका निर्णयावर मागून आरोळी उठली, “अरे, त्या रेफ्रीला चष्मा द्या कुणीतरी!” सगळी गॅलरी हसली.

चष्मेदादा कुरकुरत्या गुडघ्यांवर उठला आणि मागे वळला.

“चष्म्याचं दुकान माझं आहे,” तो ओरडला. “त्यांचे डोळे ठीक आहेत, मी तपासलेत. तुम्ही या उद्या सकाळी. दुकानात नाही, खाली मैदानात. त्या आत्ता उभ्या आहेत ना, तिथे उभं करतो तुम्हाला!”

आणि कुणी ‘बसा हो खाली’ म्हणेपर्यंत तो तसाच उभा राहिला. म्हटल्यावरही बसला नाही.