अर्धी टाकी

आमची जीप आखूड आहे. वडिलांनी हैदराबादच्या लिलावातून आणलेली, लष्करात राबून निघालेली. ओढायला दांडगी, पण मागं जड ट्रॉली लावली की तिची पंचाईत होते. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतरच थोडं. मागून रेटा आला की लांब गाडी सरळ पुढं सरकते, ही मात्र गर्रकन आडवी फिरते. हे मला माझ्या अण्णाचा, थोरल्या भावाचा, पाय गेला तेव्हा कळलं. कळलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्याकडं दोन सवयी आहेत. जुन्या जीपमागं पाण्याची टाकी न्यायची तर अर्धीच भरायची, म्हाताऱ्या गाडीला त्रास नको म्हणून. आणि उतार लागला की गाडी न्यूट्रलला सोडायची, डिझेल वाचतं म्हणून. त्या उन्हाळ्यात मी दोन्ही केलं. कमठाण्याच्या अलीकडं आमचा मळा आहे. तिथं आल्याचे वाफे सुकत चालले होते आणि पाणी वरच्या माळावरच्या विहिरीतून आणायचं होतं. अण्णा ट्रॉलीच्या दांडीवर बसला होता, मांडीवर दगड घेऊन. गाडी कुठं अडली तर चाकाला दगड लावायला मागं माणूस बसतोच. उतार सुरू झाला तसा तो ओरडला, "गिअरात घे रं!"

मला ऐकू आलं नाही असं नाही. आलं. खाणीच्या वळणापाशी घेऊ, असं मनात म्हटलं.

वळणावर गिअर पडेना. मी ब्रेकवर उभाच राहिलो. ब्रेक लागला, चांगला लागला. जीप थांबायला लागली, पण टाकीतलं पाणी थांबलं नाही. ते सगळं एकदम पुढं आलं, ट्रॉलीनं जीपच्या बुडाला ढुशी दिली आणि जीप आडवी झाली. अण्णानं दगड लावायला उडी मारली होती. ट्रॉलीचं चाक त्याच्या पायावरून गेलं.

कलबुर्गीच्या दवाखान्यात घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. बाबा धावत आले. "झालं काय?" मी म्हणालो, "ब्रेक फेल झाला."

त्या बोलण्याचं पुढं काय होईल हे मला ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो. ठाऊक होतं. ब्रेकचं काम काढू या, असं मीच त्याआधी अण्णाला म्हणालो होतो. पेरणी होऊ दे, मग बघू, म्हणाला होता तो. म्हणूनच ते उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. बाबा शेवटपर्यंत त्याला म्हणत राहिले, "तुझ्या चालढकलीनं तुझा पाय खाल्ला." अण्णा मान खाली घालून ऐकायचा. मी त्याच्याच शेजारी बसून भाकरी मोडायचो.

यंदा अण्णाच्या मुलीच्या रोपवाटिकेची मोटर जळाली. ती शेतीचं शिकून परत आली आणि त्याच मळ्यात मिरचीची, टोमॅटोची रोपं करते. मोटर दुरुस्त होऊन येईपर्यंत रोपं माना टाकणार होती. तिनं जीपला ट्रॉली जोडली, ट्रॉलीत काळी प्लास्टिकची टाकी ठेवली आणि बापाला शेजारी बसवून माळावर गेली. हे कळल्याबरोबर मी मोटरसायकल काढली. पोचलो तेव्हा ती निघायच्या बेतात होती. मी टाकीत डोकावलो. अर्धी.

"पोरी, थांब. टाकी अर्धी हाय."

"मग? पुरी झेपल व्हय म्हातारीला?"

"उतार हाय म्होरं."

"असू द्या की काका. ब्रेक नवे हायत. बसवकल्याणच्या मिस्त्रीनं आत्ताच टाकलेत. अप्पा दर साली बदलायलेत, तुम्हाला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं. तिचा अप्पा, म्हणजे आमचा अण्णा, कुबडी मांडीवर आडवी धरून बसला होता. "तू कामून भ्यायलास? पाय माझा गेलाय अन् घाम तुला सुटायलाय!"

पोरगी खळखळून हसली आणि तिनं जीप चालू केली. नव्या ब्रेकच्या भरवशावर, बापाला घेऊन, ती त्याच वळणाकडं निघाली होती. मी आत हात घालून किल्ली ओढून काढली.

"ब्रेक फेल झाला नव्हता."

इंजिन बंद पडलं. मागं टाकीतलं पाणी तेवढं डुचमळत होतं.

"गाडी न्यूट्रलला होती, अण्णा. तू ओरडलास, मला ऐकू आलं होतं."

तो कुबडीच्या मुठीवर अंगठा फिरवू लागला.

"म्हंजे ब्रेक लागत होते?"

"लागत होते."

"बाबा मलाच बोल लावत मेले की रे."



पोरीचा चेहरा उतरला होता, तरी तिनंच विचारलं, "आता काय करू ते सांगा. रोपं मरायलीत तिकडं." मी सांगितलं. विहिरीपाशी फवारणीचे निळे ड्रम होते. टाकीतलं पाणी ड्रमात काढलं, ड्रम काठोकाठ भरून झाकणं आवळली, म्हणजे आत पाणी हलणार नाही. टाकी खाली ठेवली. ड्रम ट्रॉलीच्या मध्यावर, जरासे पुढच्या अंगाला, दोरानं बांधले. लो गिअर टाकूनच निघायचं, उतारावर क्लचला पाय लावायचा नाही, ब्रेक वळणाच्या आधी आणि हळू. हे सगळं मला एवढी वर्षं येत होतं.

मी एक दगड उचलला आणि ट्रॉलीच्या दांडीकडं वळलो.

"मागं कुणी बसायचं न्हाई," अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाला.

मी किल्ली पोरीला परत दिली आणि बापलेकीला घेऊन जीप गुरगुरत खाली गेली. ती खाणीच्या वळणावर पोचली तेव्हा मी वर विहिरीपाशी कान देऊन ऐकत होतो. आवाज तसाच राहिला, संथ, एकसारखा, आणि मग मळ्याच्या बाजूला बारीक होत गेला. दगड माझ्या हातातच होता.

रोपं जगली. अण्णा आता भाकरीचं ताट उचलून ओसरीवर जातो. मी त्याला आत बोलवत नाही.